कोचच्या वाट्याचा मसाला

इंगवले कोच राहणार की जाणार, हे त्या उन्हाळ्यात आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त प्रत्येकाचं माहीत वेगळं होतं. आमचं गाव मानपाड्याच्या अलीकडचं. आता त्याला कोणी गाव म्हणणार नाही; तिथे टॉवर आलेत आणि टॉवरना असली नावं दिलीत की आमच्या आईला तिचं स्वतःचं घर कुठे होतं ते रिक्षावाल्याला सांगता आलं नसतं. तेव्हा मात्र सगळी मिळून साठ-सत्तर घरं, एक देऊळ, एक तळं, आणि तळ्यापलीकडे जिथे आमची भाताची खाचरं होती तिथे रंगाची कंपनी. खाचरं एमायडीसीत गेली तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळे मला त्यांचं दुःख बाबांकडून उसनं मिळालेलं. बाबा कंपनीच्या चिमणीकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचे, "ती दिसते ना, तिथं आमचा वरचा बांध होता." पाहुणे चिमणीकडे बघून मान डोलवायचे, जणू काही त्यांना बांध दिसला.

त्या कंपनीची फुटबॉलची टीम होती. रंग बनवणाऱ्या कंपनीला फुटबॉल कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. कोणा जुन्या साहेबाला नाद होता म्हणतात. साहेब गेला, नाद राहिला. आधी टीम नुसती हरायची आणि लोक रविवारी हसायला मैदानावर जायचे. मग कोल्हापूरहून हे इंगवले कोच आले, वर्षावर्षाच्या कंत्राटावर, आणि टीम जिंकायला लागली. जिल्ह्यातल्या कंपन्यांची एक ढाल असायची, ती पहिल्या वर्षी आमच्याकडे आली, दुसऱ्या वर्षी आली, तिसऱ्या वर्षीही आली. ज्या लोकांना ऑफसाइड म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही, ते लोक मटणाच्या दुकानात उभे राहून मिडफिल्डबद्दल बोलायला लागले. माझा मोठा भाऊ मोरेश्वर, आमचा दादा, त्या टीमचा गोलकीपर होता. गोलकीपर ढालीच्या फोटोत पुढे, पण कंपनीच्या कागदावर टेम्पररी. तीन वर्षं टेम्पररी. दर काही महिन्यांनी त्याला ब्रेक द्यायचे, म्हणजे घरी बसवायचे, आणि परत घ्यायचे. आमच्याच खाचरावर उभ्या राहिलेल्या कंपनीत माझा भाऊ टेम्पररी पास दाखवून आत जायचा. बाबांना हे फार लागायचं. ते बोलायचे नाहीत, पण दादाचा पास खुंटीवर दिसला की तोंड फिरवून बसायचे.

कोच आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि आमच्यातच जेवायचे. माणूस बुटका, मानेने जाड, आवाज मात्र असा की मैदानावरून ओरडले तर आमच्या अंगणातल्या कोंबड्या पांगायच्या. पहाटे त्यांची शिट्टी ऐकूनच आमचं घर उठायचं. आल्या आल्या पहिल्याच दिवशी त्यांनी आईशी भांडण उकरून काढलं. आईने कौतुकाने ओल्या बोंबलाचं कालवण वाढलेलं. कोचनी भुरका मारला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "वैनी, कालवण झ्याक झालंय. पर चटणी कुठाय?"

"आनखी कसली चटनी?" आई म्हणाली.

"आवं कांदा-लसणाची. आमच्याकडं तिच्याबिगार रस्सा हुत न्हाई."

आमच्या आगऱ्यांच्या वर्षाच्या मसाल्यात कांदा-लसूण घालत नाहीत. चार-पाच जातीच्या मिरच्या, हळद, खडा मसाला, बस. आईचा मसाला म्हणजे आईची अब्रू, आणि हा परका माणूस पहिल्या घासाला तिच्या मसाल्यात खोट काढतोय! आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. कोचनी पिशवीतून आणलेली घरची चटणी ताटाच्या कडेला घेऊन खाल्ली आणि दिवाळीपर्यंत ती संपली. संपल्यावर गडी इतका सुकला की आईलाच कळवळा आला. कांदा कसा भाजायचा, लसूण किती, खोबरं-तीळ केव्हा, हे तिने त्यांना चुलीपुढे बसवून विचारून घेतलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमचा मसाला कांडून झाला की त्यामागून कोचच्या वाट्याचा वेगळा कांडायचा, आणि तो वेगळ्या बरणीत भरायचा, हे ठरून गेलं. बरणीवर फडकं कोचनी बांधायचं. आईची गाठ त्यांना सुटायची नाही.

तर तो तिसऱ्या ढालीनंतरचा उन्हाळा. कोचचं कंत्राट वैशाखात संपत होतं. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर कोचनी मागचं दार लोटलं आणि आम्हा चौघांना, म्हणजे बाबा, आई, दादा आणि मी, समोर बसवून सांगितलं, "पाटील, हे ह्या भिंतीच्या भाईर जाता कामा नये. मी साहेबाला सांगून आलोय. पोरं पर्मनंट करा, तरच सही करतो. न्हाईतर ठाण्याची कंपनी मला बोलवत्या, मी चाललो." पोरं म्हणजे तिघं: दादा, आणि डिफेन्सचे दोघे. कोचना स्वतःसाठी काही नको होतं. साहेबांना ढाल हवी होती, कारण दरवर्षी मुंबईहून मोठे मालक येऊन ढालीसकट फोटो काढायचे आणि त्या फोटोवर साहेबांचं बरंच काही अवलंबून असायचं. कोच जातील ही भीती जोवर साहेबांच्या मनात होती, तोवर दादाच्या नोकरीचं काही खरं होतं. म्हणून घरात हुकूम सुटला: कोणी विचारलं तर आपल्याला काही माहीत नाही. राहणार म्हणायचं नाही, जाणार म्हणायचं नाही.

हे म्हणायला सोपं. कारण गावातले सगळे फुटबॉलपंडित बसायचे कुठे, तर आमच्याच ओटीवर! कोच आमच्याकडे राहतात म्हणजे बातमी आमच्या ओटीवर आधी उतरणार, असा त्यांचा हिशेब. त्यात मुख्य दोघे. एक बबन, आमच्याच आळीतला, ज्याची रिक्षा म्हणजे टीमचं फिरतं ऑफिस होतं. दुसरे सबनीस, डोंबिवलीचे, कंपनीत टायपिंग सेक्शनला, सुटीच्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट घालून येणारे. बबन माहिती आणायचा आणि सबनीस तिचा अर्थ लावायचे. चहा आईचा.

"कोचने सायकलची नवीन ट्यूब टाकली," बबन सांगायचा. "मी स्वतः बघितली. जानेवाला आदमी ट्यूब कशाला बदली करेल?"

"किंवा," सबनीस चष्मा पुसत म्हणायचे, "सायकल विकायची असेल तर? माझ्या मते ट्यूब हे प्रस्थानाचं लक्षण आहे."

मग चपलांवर चर्चा. कोचनी चप्पल शिवायला टाकली, नवी घेतली नाही, म्हणजे जाणार. खाटेची नवार नवीन विणून घेतली, म्हणजे राहणार. कल्याण स्टेशनला तिकीट खिडकीजवळ दिसले, म्हणजे जाणार. पण हातात पालेभाजीची जुडी होती, म्हणजे राहणार. वाण्याच्या दुकानातल्या फोनवर ते कोणाशी तरी दहा मिनिटं बोलले आणि बोलताना हसले, यावर तर एक अख्खी संध्याकाळ गेली. ठाण्याच्या कंपनीचं नाव सबनीसांनी ऑफिसातून उचललेलं. मग ठाण्याचा साहेब की कोल्हापूरची बायको? सबनीसांचं म्हणणं, बायकोशी कोणी दहा मिनिटं हसत नाही. मी आत वाटण वाटत हे सगळं ऐकायचे आणि मला हसू आणि राग एकदमच यायचा. अरे, ज्याचं पोट त्यात अडकलंय तो माझा भाऊ तिथेच खांबाला टेकून उभा आहे, आणि तुम्ही ट्यूबवर बोलताय! दादा बिचारा दगडासारखा चेहरा करून उभा राहायचा. गोलकीपरला ती सवय असते.

माझा नातू हल्ली मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी क्लबच्या कोचचं हेच वाचत असतो. तो राहणार की जाणार, सही करणार की नाही, विमानतळावर कुणाबरोबर दिसला. हजारो लोक लिहितात. मी त्याला म्हटलं, "त्याच्या घरी मसाला कोण करतं ते बघ आधी." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आता आजीची तब्येत बघायला हवी.

सांगायचं ते हे, की आम्ही चौघांनी महिनाभर तोंडं शिवून घेतली. बाबांनी तर देवळात जाणंच सोडलं, कारण तिथे लोक विचारायचे. एवढी खबरदारी घेतली, आणि बोलला कोण, तर मसाला. चैत्राचं ऊन कडक झालं तशी आईने कल्याणच्या बाजारातून मिरच्या आणल्या. अंगणात, ओटीवर, माडीवर सगळीकडे लाल चादरी पसरल्यासारख्या मिरच्या, आणि घरात जो येईल तो शिंकणार. आमच्या मिरच्या देठून झाल्या आणि आईने कोचच्या वेगळ्या काढल्या. मग कांदे चिरून वाळत टाकले. मी थोडं घाबरत विचारलं, "आई, यंदा त्यांचा करायचा का? त्यांचं तर अजून ठरलं नाही."

आईने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. "मंग पावसात कोच काय माती खाल? कंत्राट कंपनीचा, मसाला माजा. ऊन काय कंपनीची वाट बघतंय?"

आता हे वाचताना तुम्ही म्हणाल, अगं, मग तेव्हाच थांबवायचंस ना. पण खरं सांगते, माझ्याही डोक्यात पुढचं आलं नाही. कोणाच्याच आलं नाही. बाबा समोरच बसून लसूण सोलत होते. घरात बोलायचं नाही, तर आम्ही बोलत नव्हतो. मसाला करणं हे काय बोलणं आहे? कोच त्या आठवड्यात पोरांना घेऊन ठाण्याला सामने खेळायला गेलेले, नाहीतर त्यांच्या नाकाला तरी कळलं असतं.

कांडपाची गिरणी यशोदाबाईची, मानपाडा रोडच्या तोंडाशी. तिचा नवरा कंपनीत फिटर. चैत्र-वैशाखात त्या गिरणीत नंबर लावून डबे ठेवायचे आणि बायका बाहेर फरशीवर पदर नाकाला लावून बसायच्या. आतून लोखंडी मुसळांचा धप-धप आवाज, आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी शिंकलं की सगळ्या हसायच्या. तिथे प्रत्येकीला दुसरीचा डबा पाठ असतो. कोणाकडे मिरची हलकी आली, कोणाची सून यंदा वेगळी झाली, कोणाच्या घरी लग्न निघालं, सगळं डब्यात दिसतं. आमचा मसाला कांडून झाला, आणि आईने दुसऱ्या डब्याचं झाकण उघडलं. भाजलेल्या कांदा-लसणाचा वास त्या गिरणीत असा पसरला की धप-धप चालू असून सगळ्या बायका गप्प झाल्या.

"अगो पाटलीन," यशोदाबाई म्हणाली, "ह्यो तर कोचचा!"

आई म्हणाली, "मंग?"

"भरलेला डबा हाय. वर्साचा हाय."

आईच्या तेव्हा लक्षात आलं. मी तिच्याकडे बघत होते, तिचा हात झाकणावरच थांबला. पण आता काय करणार? उघडा डबा, समोर अख्खं गाव. ती म्हणाली, "घाल गपचूप मुसलात."  आम्ही ओटीवर टेकतो न टेकतो तोवर तळ्याकडून फटाक्यांची माळ ऐकू आली. बबनने लावलेली. "कोच राहतोय! मसाला कांडला! पूरे साल का!" तो रिक्षातून ओरडत फिरत होता. संध्याकाळी सबनीस पेढे घेऊन आले आणि म्हणाले, ट्यूबवरून त्यांचा अंदाज आधीपासून हाच होता. मी त्या पेढ्याला हात लावला नाही. खरं तर लावला, पण नंतर.

कोच ठाण्याहून परत आले ते थेट कंपनीत गेले आणि तिथून घरी. चप्पल अंगणातच काढली आणि ओटीवर बसले. मी पाणी दिलं. ते हसत होते, पण ते हसणं त्यांचं नव्हतं.

"साहेबानं खुर्ची दिली, चहा दिला," ते बाबांना म्हणाले. "आणि म्हणला, काय इंगवले, वर्साची चटणी कुटून ठेवली म्हणं! मग ठाण्याला कुठं निघालायस? सही कर. पोरांचं पुढच्या वर्षी बगूया."

 दादा उठला आणि तळ्याकडे चालत गेला. बाबा आईकडे वळले आणि सगळा महिना गिळलेलं एकदम बाहेर आलं, "झाला समाधान? पोराची नोकरी मसाल्यात घातलीस! दोन म्हयने थांबली असतीस तर काय मेला असता तो?" आई कोचचा रिकामा तांब्या उचलून आत गेली. ती नेहमी उत्तर देणारी बाई. मला ते सहन होईना, मी आत जाऊन रडले.

कोचच म्हणाले, "पाटील, वैनीला बोलू नका. माजंच चुकलं. औंदा चटणी करू नका, हे मी सांगायला पायजे हुतं." मग म्हणाले, "आन खरं सांगू? ठाण्याचं कायबी न्हाई. मला ठाण्यात कोण वळखतंय? पर आता मागं सरलो तर पोरं जल्मभर टेम्पररी. मी शब्द दिलाय तसा जातो. वैशाख संपला की कोल्हापूर." म्हणजे बघा, लोक ज्या ठाण्याच्या कंपनीवरून ओटीवर रात्रीचं जेवण विसरत होते, ती कंपनी नव्हतीच. आणि आता तो माणूस खरोखरच जायला निघाला, नोकरीशिवाय, आणि ते कुठल्या जास्तीच्या पगारासाठी नव्हे, तर एका शब्दासाठी. मला त्याचा इतका राग आला की विचारू नका. मला वाटलं, सही करून मोकळं व्हावं माणसाने. आज तसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला हाक मारली. कोचच्या वाट्याची बरणी तिने मोठ्या पातेल्यात उपडी केली होती, सगळी. पातेल्यावर फडकं बांधलं, माझ्या डोक्यावर दिलं आणि म्हणाली, "चल." "कुठे?" "गिरनीत." मी म्हटलं, "आई, कोचना विचारलंस का?" "मसाला माजा," आई म्हणाली. 

गिरणीत त्या दिवशी भाऊगर्दी होती. लग्नसराई जवळ आलेली. आईने पातेलं मधोमध ठेवलं, फडकं सोडलं आणि वाटी हातात घेऊन उभी राहिली. "घ्या गो बायांनो. डबं काढा."

"काय झाला गो?" यशोदाबाई म्हणाली.

"काय व्हायचा? कोच चाललाय. आमच्यात ह्यो कांदा-लसनाचा कोन खातो? कुजवू काय मी? घ्या, आज कालवनात घाला."

आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं. कोच चाललाच होता. पण मी आईला आयुष्यात पहिल्यांदा वर्षाचा मसाला वाटताना पाहिलं. माझ्या मावशीने लग्नाच्या आधी एकदा दोन वाट्या मागितलेल्या तर तिला आईने किती ऐकवलेलं! आज ती वाटीवर वाटी भरून देत होती आणि तोंडाने एकेकीला सांगत होती, कांदा आधीच हाय त्यात, परत घालू नका. बायका घेत होत्या, पण कोणाच्या तोंडावर हसू नव्हतं. एक म्हातारी तर म्हणाली, "बाय माजे, म्हंजे खराच चालला गो." पातेलं रिकामं झालं, आईने ते पदराने पुसलं आणि आम्ही घरी आलो.

त्या संध्याकाळी आमच्या अख्ख्या गावाला कोल्हापूरचा वास सुटलेला. मी अंगणात उभी राहून श्वास घेतला, तर दहा घरांतून एकच फोडणी. कोणाकडे करदी म्हणजे बारीक कोळंबी, कोणाकडे अंडी, कोणाकडे नुसतं वांगं-बटाटा, पण मसाला एक. आणि प्रत्येक घरात काय झालं असेल ते मला नंतर बबननेच सांगितलं. तो जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि बायकोला म्हणाला, "हे काय घातलंस? भारी आहे." बायको म्हणाली, "कोचचा मसाला. पाटलिनीनं वाटला. तो चाललाय." बबनचा घास तिथेच राहिला. तसंच यशोदाबाईच्या नवऱ्याचं, तसंच दहा-वीस जणांचं. बातमी अशी ताटातून आल्यावर तिच्यावर कोण शंका घेणार? ट्यूबचे दोन अर्थ निघतात, चपलेचे निघतात. बाईने वर्षाचा मसाला वाटून टाकला, याचा अर्थ एकच.

सकाळी पहिली पाळी गेटवर थांबली. संप वगैरे काही नाही, हे लक्षात घ्या. कोणी घोषणा दिली नाही. नुसते उभे राहिले आणि साहेबांची गाडी आली तशी एकेकाने वाकून काचेतून विचारलं, "साहेब, कोच का चाललाय?" शंभर माणसांनी तोच प्रश्न. सबनीस, ज्यांनी आयुष्यात वरच्या माणसाच्या केबिनचं दार स्वतःहून ढकललं नव्हतं, ते इस्त्रीचा शर्ट घालून आत गेले आणि म्हणाले, "साहेब, मसाला वाटला."

"कोणी?"

"पाटलीणबाईंनी. घरोघर. बरणी रिकामी."

साहेबही आपल्याकडचेच, स्वतःच्या आईच्या हातचा वर्षाचा मसाला खाऊन वाढलेले. सबनीस सांगायचे की साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीतून मैदानाकडे बघत बसले. मालकांच्या फोटोचा दिवस त्यांना दिसला असावा. आठवडा संपायच्या आत दादाला आणि दुसऱ्या दोघांना पर्मनंटची ऑर्डर मिळाली आणि त्याच दुपारी कोचनी सही केली. दादा घरी आला, त्याने खुंटीवरचा टेम्पररी पास काढला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला आणि मग चुलीत घातला.  संध्याकाळी ते स्वतः उठून आईसाठी कल्याणहून जिलेबी घेऊन आले, जी तिला आवडत नाही.

राहता राहिला कोचचा मसाला. तो तर गाव जेवून बसलेलं. मिरच्या संपल्या होत्या, आभाळ यायला लागलेलं. आई म्हणाली, "यंदा आमचाच खावा लागल." कोच म्हणाले, "वाढा." वर्षभर त्यांनी आईच्या मसाल्याचं खाल्लं आणि एकदाही चटणीचं नाव काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आईने मिरच्या वेगळ्या काढायला घेतल्या तर ते खाटेवरून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी. तुमच्यातच घाला माजं. तोंडात बसलंय आता." त्या दिवशी कोचच्या ताटात माशाच्या दोन तुकड्या जास्त पडल्या.

आता याचा परिणाम काय झाला बघा. त्या वर्षी गिरणीत कांदा-लसणाचा डबा दिसला नाही आणि गावात सुतक पसरलं. कोच चालला! बबनने चार दिवस दाढी केली नाही. कोचनी सही केली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा डबा नाही, पुन्हा सुतक, पुन्हा सही. अशी किती वर्षं गेली, आणि दर वर्षी आमच्या ओटीवर सबनीस सांगायचे की यंदा मात्र नक्की जाणार. वेगळा डबा नाही याचा दुसराही काही अर्थ असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही, आणि आईने कधी सांगितलं नाही.

मग माझं लग्न झालं, मी ठाण्याला गेले, आणि कंपनीत नवीन लोक आले ज्यांना फोटोचं कौतुक नव्हतं. मी माहेरी मसाल्याच्या कामाला आलेले, त्याच दिवशी कोच आईला म्हणाले, "वैनी, औंदा माजा वाटा जरा जास्त घाला. आन डब्यात द्या, बरणीत नको." बरणी घरात राहते, डबा प्रवासाला निघतो. आईने फक्त विचारलं, "कवा?" ते म्हणाले, "पंधरवड्यात. टीम बंद करत्यात. अजून कुणाला ठावं न्हाई." गिरणीत आमची रास बघून यशोदाबाईने डोळे मोठे केले. "अगो, यंदा केवढा! म्हंजे कोच राहतोय ना?" मी आईकडे पाहिलं. "राहतोय," आई म्हणाली. तेवढंच खोटं तिला बोलताना मी ऐकलं. त्या संध्याकाळी बबनने दोन माळा लावल्या आणि सबनीसांनी दोन वर्षांचं कंत्राट जाहीर केलं.

कोच गेले ते बबनच्याच रिक्षातून, कल्याण स्टेशनला, डबा मांडीवर घेऊन. जाताना आईला म्हणाले, "आमच्या पेठेत सांगू नका वैनी, मी आगरी मसाला खातोय म्हणून. गल्लीत घेणार न्हाईत मला." बबन परत येऊन ओटीवर बसला आणि म्हणाला, "सुट्टीवर गेलाय. महिन्याभरात रिटर्न." आईने त्याला चहा दिला.

पुढच्या उन्हाळ्यात मी नव्हते, दादाने सांगितलं ते लिहिते. आईने सवयीने कोचच्या वाट्याच्या मिरच्या मोजून आमच्यात घातल्या. बाबा म्हणाले, "आता कशाला? त्याचा कंत्राट कवाच संपला." आई म्हणाली, "कंत्राट कंपनीचा, मसाला माजा." पर्मनंट माणसाला भरपगारी रजा असते. दादाने ती टाकली आणि डबा घेऊन कोल्हापूरच्या एस्टीत बसला.